बुश विमानातील सुधारणा व फेरबदल

बुश विमान म्हणजे पक्की धावपट्टी, इंधनपुरवठा आणि देखभालीची सोय नसलेल्या दुर्गम प्रदेशात ये-जा करण्यासाठी वापरले जाणारे छोटे विमान होय. नदीकाठचे वाळूचे पट्टे, डोंगरमाथ्यावरील कुरणे, बर्फ, चिखल किंवा तलावाचा पृष्ठभाग ही अशा विमानांची नेहमीची उतरण्याची ठिकाणे असतात. कारखान्यातून बाहेर पडलेले साधे विमान या कामास क्वचितच पुरे पडते. त्यामुळे नवे किंवा जुने विमान विकत घेतल्यानंतर त्याची चाके, ब्रेक, पंख, इंजिन, प्रोपेलर, इंधनटाक्या व सुरक्षा-साधने यांत टप्प्याटप्प्याने बदल करण्याची पद्धत रूढ आहे.

या बदलांचे नियोजन हा बुश विमानोड्डाणाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. प्रत्येक बदलामुळे विमानाचे वजन, गुरुत्वमध्य आणि उड्डाणातील वर्तन बदलते. एका गुणात भर पडली की दुसऱ्या गुणात घट होते. कोणत्या ठिकाणी उतरता येईल हा नियोजनातील पहिला प्रश्न असतो. तेथून भार घेऊन पुन्हा उडता येईल का, हा दुसरा व अधिक निर्णायक प्रश्न असतो.

## पार्श्वभूमी

दुर्गम भागासाठी विमानात फेरबदल करण्याची परंपरा विमानाइतकीच जुनी म्हणता येईल. अलास्कात १९२४ मध्ये कार्ल बेन आयलसन या वैमानिकाने फेअरबँक्सहून टपाल नेण्यासाठी वापरलेल्या डीएच-४ विमानाला चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्की, लावलेल्या होत्या. अलास्कातील सुमारे ८२ टक्के वस्त्यांना आजही रस्त्याने जाता येत नाही. कॅनडाच्या उत्तर भागातही अशीच स्थिती आहे. त्यामुळे या विमानांचा विकास मुख्यतः या दोन प्रदेशांत झाला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीत तयार झालेल्या फीझेलर श्टोर्ख या विमानाने (१९३६) पंखाच्या पुढच्या कडेवरील फटी व मोठ्या फ्लॅपच्या साह्याने अतिशय कमी वेगात उडता येते हे दाखवून दिले. युद्धानंतर कॅनडातील द हॅव्हिलँड कंपनीने बीव्हर (पहिले उड्डाण १६ ऑगस्ट १९४७) आणि ऑटर (१२ डिसेंबर १९५१) ही विमाने बनवली. बीव्हरचा आराखडा करताना कंपनीने दुर्गम भागातील वैमानिकांची मते मागवली होती. भरपूर शक्ती, आखूड अंतरात उडणे-उतरणे आणि चाके, स्की व तरंगते यांपैकी काहीही लावण्याची सोय, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तेलाचे पिंप आत लोटता येईल एवढे रुंद दरवाजे दोन्ही बाजूंना देण्यात आले. म्हणजे इतरांना नंतर करावे लागणारे अनेक बदल या विमानात मुळातच होते.

खासगी मालकांत मात्र पायपर सुपर कब (१९४९ पासून), सेस्ना १८० (१९५३ ते १९८१) आणि सेस्ना १८५ (१९६१ ते १९८५) ही विमाने अधिक प्रचलित झाली. यांतील बहुसंख्य विमाने आज चाळीस ते सत्तर वर्षे जुनी आहेत. त्यामुळे ‘नवे घेतलेले विमान’ हे बहुधा नव्या मालकाच्या हाती आलेले जुने विमान असते आणि सुधारणांची सुरुवात दुरुस्तीपासून होते.

## नियोजनाची तत्त्वे

फेरबदलांचा आराखडा करताना पुढील बाबी ठरवल्या जातात :

* विमान प्रामुख्याने कोठे उतरणार : वाळू, गोटे, गवत, बर्फ की पाणी.
* त्या ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उन्हाळ्यातील तापमान.
* नेहमीचा भार : माणसे, सामान व इंधन मिळून किती वजन.
* एका फेरीचे अंतर आणि वाटेत इंधन मिळण्याची शक्यता.
* वैमानिकाचा या प्रकारच्या विमानावरील अनुभव.

यांची उत्तरे निश्चित झाल्याशिवाय सुटे भाग खरेदी केल्यास एकमेकांना मारक बदल होतात. लांब पल्ल्याच्या टाक्या व जड अंतर्गत सजावट बसवलेले विमान आखूड पट्टीवरून उडण्यास अयोग्य ठरू शकते. सर्वांत आखूड पट्टीसाठी तयार केलेले विमान लांबच्या प्रवासात संथ व खर्चिक ठरते.

विमान काही काळ मूळ स्वरूपातच उडवावे, असाही संकेत पाळला जातो. मूळ विमान कोणत्या वेगाला डळमळते, किती अंतरात थांबते व किती भार उचलते हे ठाऊक असेल, तरच नंतरच्या बदलाचा खरा परिणाम मोजता येतो. अनेकदा उतरण्याचे अंतर कमी होण्यास उपकरणांपेक्षा वैमानिकाचा सराव अधिक उपयोगी पडतो. विशेषतः सेस्ना १८० किंवा सुपर कबसारखी शेपटीखाली चाक असलेली विमाने जमिनीवर गुरुत्वमध्यामुळे भोवऱ्यासारखी फिरण्याची शक्यता असते. अशा विमानाची सवय होण्यापूर्वी मोठी चाके लावणे जोखमीचे मानतात.

## खरेदीनंतरची तपासणी

सुधारणांपूर्वी विमानाच्या नोंदवह्या वाचून पूर्वी झालेले अपघात, दुरुस्त्या व फेरबदल यांची यादी केली जाते. आधीच्या मालकाने बसवलेल्या प्रत्येक भागाला अधिकृत मान्यता आहे का, हे यावेळी पाहिले जाते. मान्यता नसलेला एखादा जुना भाग नव्या बदलाच्या मंजुरीत अडथळा ठरतो.

सुपर कबमध्ये धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असून त्यावर कापडाचे आवरण असते. नळ्यांच्या आतून गंज चढला तरी तो बाहेरून दिसत नाही. पंखांना आधार देणाऱ्या दांड्यांतील गंजाबाबत अमेरिकेत सक्तीच्या तपासणीचे आदेश निघालेले आहेत. गंजलेल्या दांड्यांच्या जागी तोंड बंद केलेल्या नव्या दांड्या बसवणे हा त्यावरचा कायमचा उपाय आहे. सेस्ना १८० व १८५ मध्ये चाकांचे पाय धडाला जेथे जोडले जातात त्या पेटीसारख्या भागात तडे शोधले जातात. खडबडीत जमिनीवर वारंवार उतरल्याने तेथे ताण येतो.

या तपासणीतून कामांचा क्रमही सुचतो. कापडाचे आवरण बदलायचे असेल तर पंखातील बदल त्याच वेळी करणे सोयीचे असते. लायकमिंग ओ-३६० सारख्या इंजिनाची पूर्ण खोलून दुरुस्ती करण्यासाठी निर्मात्याने साधारणतः २,००० तासांची मर्यादा सुचवलेली आहे. ती मर्यादा जवळ आली असेल तर मोठे इंजिन बसवण्याचा निर्णय तेव्हाच घेतला जातो. एकच भाग दोनदा उघडावा लागू नये, हा यामागील हेतू असतो.

## सुरक्षाविषयक बदल

अनुभवी मालक कामगिरी वाढवणाऱ्या बदलांआधी जीवरक्षक बदल करतात. अमेरिकेत छोट्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्यावरील पट्टे १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या विमानांसाठी आणि सर्व आसनांना १२ डिसेंबर १९८६ नंतरच्या विमानांसाठी सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या असंख्य विमानांत केवळ कमरेचा पट्टा होता. खडबडीत पट्टीवर विमान नाकावर कलंडल्यास डोके समोरच्या फलकावर आदळण्याचा धोका असल्याने खांद्याचे पट्टे ही पहिली सुधारणा मानली जाते.

सेस्ना विमानांत आसन ज्या रुळांवर मागेपुढे सरकते ते रूळ झिजल्यास उड्डाण घेताना आसन अचानक मागे जाऊ शकते. आधारासाठी वैमानिक नियंत्रणदांडा ओढतो व विमानाचे नाक धोकादायकरीत्या वर जाते. यासाठी रुळांची नियमित तपासणी व आसन अडवणारी दुसरी कळ बसवली जाते.

अपघातानंतर आपोआप संकेत पाठवणारे आपत्कालीन प्रक्षेपक हे तिसरे साधन होय. उपग्रहांद्वारे १२१.५ मेगाहर्ट्‌झ या जुन्या कंप्रतेवरील संकेत ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले. केवळ जुना प्रक्षेपक असलेल्या विमानाचा संकेत उपग्रह टिपत नाही. त्यामुळे ४०६ मेगाहर्ट्‌झचा प्रक्षेपक आवश्यक ठरला. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोधव्यवस्थेत भारतही सहभागी असून तिची भूकेंद्रे बंगळूर व लखनौ येथे आहेत.

## चाके, ब्रेक व तरंगते

बुश विमानाची सर्वांत ठळक खूण म्हणजे मोठी, मऊ चाके. कमी दाबाचे रुंद टायर गोट्यांवरून सहज जातात आणि वाळूत रुततही नाहीत. सुमारे ३१ इंच व्यासाचे टायर सुपर कबवर नेहमी दिसतात. त्यांमुळे प्रोपेलर जमिनीपासून अधिक उंच राहतो. जमिनीवर विमानाचे नाक अधिक वर राहिल्याने पंख मोठ्या कोनात येतो आणि उतरताना वेग आणखी कमी ठेवता येतो.

या लाभांची किंमतही असते. मोठे टायर जड असतात व हवेचा अवरोध वाढवतात, त्यामुळे प्रवासातील वेग घटतो. चाकाचा व्यास वाढला की तेवढ्याच ब्रेकचा जमिनीवरील परिणाम कमी होतो. म्हणून मोठ्या टायरसोबत अधिक शक्तिशाली ब्रेक बसवावे लागतात. पण ब्रेक शक्तिशाली झाले की ते जोरात दाबल्यास शेपूट उचलून विमान नाकावर जाण्याची भीती वाढते. शेपटीखालचे छोटे चाक व त्याची पोलादी कमान यांवरही अधिक भार येतो आणि त्यांना बळकटी द्यावी लागते. टायर बदलण्याच्या एका निर्णयातून अशी चार-पाच कामे निघतात.

पाण्यावर उतरण्यासाठी चाकांऐवजी तरंगते बसवले जातात. ज्यांच्यात आत घेता येणारी चाके असतात अशा उभयचर तरंगत्यांमुळे विमान पाणी व जमीन दोन्हींवर उतरते. भारतात ९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या गिरगाव चौपाटीजवळ स्पाइसजेट कंपनीने कोडियाक जातीच्या अशा विमानाचे प्रात्यक्षिक घडवले. अहमदाबादमधील साबरमती नदीकाठ ते केवडिया ही जलविमान सेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी ट्विन ऑटर विमानाने सुरू झाली होती. तरंगत्यांचे वजन बरेच असल्याने उपयुक्त भार मोठ्या प्रमाणात घटतो.

## पंखातील बदल

पंखाचा समोरच्या हवेशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि विमान उचलून धरणारे बल एकाएकी घटते. या स्थितीला स्टॉल म्हणतात. पंखातील बहुतेक फेरबदलांचा उद्देश हा क्षण लांबवणे व विमान अधिक कमी वेगात सुरक्षित ठेवणे हा असतो. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* व्हॉर्टेक्स जनरेटर : पंखाच्या वरच्या बाजूस, पुढच्या कडेजवळ ओळीने चिकटवलेली बोटाएवढी पाती. त्यांमुळे निर्माण होणारे छोटे भोवरे हवेचा प्रवाह पृष्ठभागाला धरून ठेवतात. वजन नगण्य असल्याने हा बदल सर्वांत किफायतशीर समजला जातो.
* पुढच्या कडेचा गोलावा : पंखाच्या पुढच्या कडेवर बसवलेले अधिक गोलसर आवरण.
* स्लॅट : पुढच्या कडेपासून सुटी पट्टी. हेलिओ कुरिअर विमानात ती कमी वेगात आपोआप बाहेर येते.
* मोठे फ्लॅप व झुकणारे एलेरॉन : फ्लॅप खाली केल्यावर पंखाच्या टोकाकडील एलेरॉनही काही अंशी खाली झुकतात व संपूर्ण पंख कमी वेगासाठी अनुकूल होतो.

उतरण्याचे अंतर स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी कमी करता आला तर जमिनीवरील धाव सुमारे १९ टक्क्यांनी घटते. पंखातील बदलांचे आकर्षण यातूनच आले आहे. पण विमान स्टॉलच्या इतक्या जवळच्या वेगात उडू लागले की वाऱ्याचा एखादा झोत किंवा चुकलेले वळण सावरण्यास उंची शिल्लक नसते.

## इंजिन व प्रोपेलर

सुपर कबमधील १५० अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी १८० अश्वशक्तीचे इंजिन बसवणे हा प्रचलित बदल आहे. अधिक शक्तीमुळे उड्डाणाचे अंतर घटते आणि चढण्याचा दर वाढतो. सोबत इंजिनाचे वजन व इंधनाचा वापरही वाढतो. टाकीत १३६ लिटर इंधन असताना ताशी ३२ लिटर वापर असेल तर विमान सव्वाचार तास उडते. वापर ३८ लिटर झाला तर हा काळ साडेतीन तासांच्या आसपास येतो. साहजिकच मालक अतिरिक्त टाक्यांकडे वळतो आणि वजनात पुन्हा भर पडते.

नवे इंजिन न घेता प्रोपेलर बदलणे हा स्वस्त पर्याय होय. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन कमी ठेवल्यास इंजिन उड्डाणाच्या वेळीच अधिक फेरे घेते आणि ओढ वाढते. मात्र सरळ प्रवासात विमान संथ होते. उड्डाणात पात्यांचा कोन बदलता येणारा प्रोपेलर दोन्ही गरजा भागवतो, पण तो जड व महाग असतो.

इंधनाची उपलब्धता हाही निर्णायक मुद्दा आहे. या विमानांतील पिस्टन इंजिने अ‍ॅव्हगॅस हे पेट्रोलवर्गीय इंधन वापरतात. भारताला ते दीर्घकाळ आयात करावे लागत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशात बनवलेले अ‍ॅव्हगॅस १०० एलएल बाजारात आणले. अ‍ॅव्हगॅस मिळणे अवघड असलेल्या प्रदेशांत ऑटरसारख्या मोठ्या बुश विमानांत जेट इंधनावर चालणारे टर्बोप्रॉप इंजिन बसवले जाते. कॅनडात १० डिसेंबर २०१९ रोजी विद्युत मोटर बसवलेल्या बीव्हर विमानाचे पहिले चाचणी-उड्डाण झाले.

## वजनाचा हिशेब

प्रत्येक विमानासाठी उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ठरवून दिलेले असते. सुपर कबसाठी ते १,७५० पौंड, म्हणजे सुमारे ७९४ किलो आहे. बदलांमुळे रिकाम्या विमानाचे वजन वाढले तरी ही मर्यादा आपोआप वाढत नाही. पुढील उदाहरणात मोठी चाके व ब्रेक (२५ किलो), मोठे इंजिन व प्रोपेलर (२०), बळकट पाय व शेपटीचे चाक (१५), सामानाची पेटी (१५) आणि उपकरणे व आसने (१५) अशी एकूण ९० किलोंची भर गृहीत धरली आहे.

| घटक (किलो) | मूळ विमान | फेरबदलांनंतर |
|---|---|---|
| कमाल वजन | ७९४ | ७९४ |
| रिकामे वजन | ४२२ | ५१२ |
| उपयुक्त भार | ३७२ | २८२ |
| इंधन, १३६ लिटर | ९८ | ९८ |
| दोन व्यक्ती | १७० | १७० |
| सामानासाठी उरलेले | १०४ | १४ |

दुर्गम भागासाठी सज्ज केलेले विमान याप्रमाणे दुर्गम भागात सामान नेण्यास असमर्थ ठरू शकते. काही विमानांत सांगाड्याला बळकटी देऊन कमाल वजनाची मर्यादा वाढवून घेण्याची मान्यताप्राप्त सोय आहे. तरीही भौतिक नियम तेच राहतात. उड्डाणाचे वजन १० टक्क्यांनी वाढले तर उड्डाणाचा आवश्यक वेग सुमारे ५ टक्क्यांनी आणि उड्डाणासाठी लागणारे अंतर किमान २१ टक्क्यांनी वाढते. याच कारणास्तव अनेक मालक भर घालण्यापूर्वी वजन काढण्याकडे लक्ष देतात. जुन्या तारा, निकामी उपकरणे व जड अस्तर काढणे, हलकी बॅटरी व हलका स्टार्टर बसवणे हे उपाय त्यांत येतात.

वजन कोठे वाढले हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पुढे जड इंजिन आले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि ब्रेक लावताना नाकावर जाण्याचा धोका वाढतो. मागे सामानाची जागा वाढवली की तो मागे सरकतो व स्टॉलमधून बाहेर येणे अवघड होते. म्हणून मोठ्या फेरबदलांनंतर विमान काट्यावर प्रत्यक्ष तोलून नवा तक्ता तयार केला जातो.

## घनता-उंची

हवा तापली किंवा विमान उंचीवर गेले की हवा विरळ होते. इंजिन, प्रोपेलर व पंख या तिन्हींची क्षमता त्यामुळे घटते. प्रत्यक्ष हवेची घनता प्रमाणित वातावरणात ज्या उंचीवर आढळली असती, त्या उंचीला घनता-उंची म्हणतात. तापमान प्रमाणित तापमानापेक्षा १ अंश सेल्सियसने अधिक असल्यास घनता-उंची सुमारे १२० फुटांनी वाढते.

नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ फूट उंचीवर आहे. तेथील प्रमाणित तापमान सुमारे १३ अंश येते. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांवर असताना फरक ३२ अंशांचा होतो आणि घनता-उंची सुमारे ४,९०० फूट भरते. सपाट विदर्भात उभे असलेले विमान तेव्हा जणू पाच हजार फुटांच्या डोंगरावर असते व त्याच्या साध्या पिस्टन इंजिनाची सुमारे १५ टक्के शक्ती गेलेली असते. सुमारे १०,६८० फुटांवरील लेह येथे तापमान २५ अंश असल्यास घनता-उंची १४,००० फुटांच्या पुढे जाते.

पंखातील बदल व इंजिनातील बदल यांतला फरक येथे स्पष्ट होतो. पंख सुधारला आणि ब्रेक बळकट केले तर विमान अधिक आखूड पट्टीवर उतरते. पण विरळ हवेत इंजिनाची शक्ती अपुरी असेल तर तेच विमान त्या पट्टीवरून उडू शकत नाही. सकाळच्या गारव्यात उतरलेले विमान दुपारच्या उन्हात अडकून पडण्याचा संभव असतो. त्यामुळे अनेक बुश विमानांच्या बाबतीत उतरण्यापेक्षा उड्डाणाचे अंतर हीच खरी मर्यादा असते.

## मान्यता व कायदेशीर बाबी

प्रमाणित विमानातील कोणताही मोठा बदल विमानवाहतूक नियामकाच्या मान्यतेवाचून करता येत नाही. अमेरिकेत एखाद्या विशिष्ट बदलासाठी पूरक प्रकार-प्रमाणपत्र दिले जाते. एकाने मिळवलेले असे प्रमाणपत्र त्याच प्रकारच्या इतर विमानांसाठी परवानगीने वापरता येते. मात्र दोन वेगवेगळे मान्यताप्राप्त बदल एकत्र बसवल्यास ते परस्परांना पूरक आहेत का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

भारतात हे अधिकार नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) आहेत. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परदेशी प्रमाणपत्रावर आधारलेला बदलही भारतीय नोंदणीच्या विमानात करण्यापूर्वी त्याला महासंचालनालयाची स्वीकृती आवश्यक असते. या प्रक्रियेस लागणारा वेळ हा नियोजनाचाच भाग ठरतो.

हौशी बांधणीच्या विमानांचा वर्ग वेगळा असतो. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांसमोर आले. त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली.

## भारतीय हवाई दलातील उदाहरण

दुर्गम पट्ट्यांसाठी विकत घेतलेल्या विमानात फेरबदल करण्याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण हवाई दलाच्या पॅकेट विमानांचे आहे. फेअरचाइल्ड कंपनीची सी-११९ पॅकेट ही दोन पिस्टन इंजिनांची मालवाहू विमाने १९५४ पासून भारतात आली. लडाखमधील चौक्यांना रसद पोचवताना विरळ हवेत या इंजिनांची शक्ती अपुरी पडू लागली. उड्डाण घेताना एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या इंजिनावर विमान तरणे कठीण होते.

यावर धडाच्या पाठीवर एक पूरक जेट इंजिन बसवण्याचा उपाय योजण्यात आला. त्याला जेट-पॅक म्हटले जाई. नॅट या लढाऊ विमानासाठी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्समध्ये परवान्याने बनणाऱ्या ऑर्फियस इंजिनाचाही यासाठी उपयोग झाला. हे तिसरे इंजिन उड्डाणाच्या व चढाईच्या निकडीच्या वेळी वापरायचे होते. त्याचे वजन व इंधनाचा खप यांमुळे भारात होणारी घट स्वीकारण्यात आली, कारण त्याविना पट्टीवरून सुखरूप उठण्याची खात्री नव्हती.

२३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी सुमारे १६,६१४ फूट उंचीवरील दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट विमान उतरवले. याच पट्टीवर दीर्घ खंडानंतर ३१ मे २००८ रोजी एएन-३२ आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे विमान उतरले. लहान पट्ट्यांसाठी हवाई दलाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑटर विमानेही घेतली होती. त्यांच्या नावावरून ४१ क्रमांकाचे स्क्वाड्रन ‘ऑटर्स’ म्हणून ओळखले जाते. हवाई दलाच्या विमानांची देखभाल व दुरुस्ती पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

## मर्यादा व आक्षेप

फेरबदलांच्या या पद्धतीवर काही आक्षेपही घेतले जातात. सुधारणांचा एकत्रित खर्च विमानाच्या खरेदी किमतीइतका होऊ शकतो आणि विक्रीच्या वेळी तो सहसा पूर्ण वसूल होत नाही. काम चालू असताना विमान महिनोनमहिने जमिनीवर राहते व वैमानिकाचा सराव तुटतो. विमा कंपन्या बदललेल्या विमानासाठी अधिक अनुभवाची अट घालू शकतात. मोठी चाके व सुधारित पंख यांमुळे येणाऱ्या आत्मविश्वासाने वैमानिक आपल्या कौशल्याबाहेरच्या पट्ट्या निवडतात, असाही आक्षेप आहे.

या कारणांमुळे प्रत्येक बदलानंतर रिकामे वजन, स्टॉलचा वेग, उड्डाणाचे व उतरण्याचे अंतर यांची मोजणी करून नोंद ठेवण्याची शिफारस केली जाते. या मोजण्या लांब व सुरक्षित धावपट्टीवर, वेगवेगळ्या भारासह केल्या जातात. एका वेळी एकच मोठा बदल केल्यास त्याचा परिणाम स्वतंत्रपणे कळतो आणि पुढच्या बदलाची खरोखर गरज आहे का, हेही ठरवता येते.

## हे सुद्धा पहा

* विमान
* धावपट्टी
* जलविमान
* हिंदुस्तान एअरोनॉटिक्स लिमिटेड
* दौलत बेग ओल्डी
* डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, नागपूर